आषाढातली गलबतं

आमच्या सरांकडे बातमी घेऊन जायची गावात कोणाची छाती नव्हती. बातमी राहायची बाजूला आणि सांगणाऱ्याचीच जबानी सुरू व्हायची. "तुम्हांला कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं? तो तिथे होता का?" एवढं विचारून झालं की सर छत्री काखेत मारून उत्तराची वाट बघत उभे राहायचे. माणूस घाईत असला तरी सुटका नाही.

आमच्या आळीतले एक निवृत्त हेडक्लार्क मुंबईला मुलाकडे गेले होते. ते तिकडे वारले अशी बातमी आली. हातखंब्याच्या नाक्यावर कोणा ट्रकड्रायव्हरने सांगितली म्हणे. झालं. सगळी आळी त्यांच्या अंगणात जमली, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, धाकट्या भावाने आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं. तेवढ्यात सर आले आणि म्हणाले, "तार आली का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग मी घरी जातो. तार आली की येईन." लोक इतके खवळले की दोघातिघांनी त्यांना धरून बाहेर काढलं. चौथ्या दिवशी हेडक्लार्क स्वतःच पिशवी घेऊन एस.टी.तून उतरले. आणि गंमत अशी की ते रागावले ते आम्हां रडणाऱ्यांवर नाही, सरांवर. "सगळा गाव आला आणि हा माणूस दोन आसवं गाळायला थांबला नाही," असं ते पुढे मरेपर्यंत म्हणायचे.

मला विचाराल तर मला सरांचा भयंकर राग यायचा. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले तरी आधी रागच आठवतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि एम.ए.साठी प्रबंध लिहायचा हट्ट धरला होता. विषय होता रत्नागिरीच्या दक्षिणेकडच्या लहान बंदरांचा व्यापार. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. मार्गदर्शक व्हाल का, असं विचारायला गेले तर म्हणाले, "मीच का?" मी म्हटलं, "दुसरं कोणी नाहीच इथे." "हे कारण खरं वाटतं. बस," म्हणाले, आणि आतून सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माझ्यासाठी आमसुलाचं सरबत पाठवलं.

सर मूळचे देशावरचे. तरुणपणी नोकरीसाठी घाट उतरून आले आणि इथलेच झाले. काकू मात्र इथल्या, मिरकरवाड्याच्या बंदराजवळच वाढलेल्या. तीस वर्षं रत्नागिरीत काढूनही सरांची बोलण्याची ढब काही बदलली नाही, आणि काकूंनीही आपला हेल सोडला नाही. दोघं भांडायला लागली की ऐकत बसावं.

घरभर चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिका आणायच्या, कोऱ्या पाठी कापून ठेवायच्या आणि कुठलीही माहिती मिळाली की चिठ्ठीवर उतरायची. नुसती माहिती नाही. ती कोण सांगतो, तो त्या वेळी कुठे होता, किती वर्षांनी सांगतोय आणि तसं सांगण्यात त्याचा काय फायदा, हे सगळं खाली. काकू म्हणायच्या, "अगो, माझ्या नावाची पण असेल हो चिठ्ठी. आमटी चांगली झाल्ये असं सांगणारी बाई स्वतःच आमटी करणारी, सबब भरवसा नाही."

मासळी बाजारातही तीच तऱ्हा. सुरमईवाली म्हणायची, "आत्ताच उतरलाय, मास्तर." सर म्हणायचे, "तू म्हणतेस ते ऐकलं," आणि कल्ला उघडून लाल आहे की नाही ते बघायचे. मग मला म्हणायचे, "हिच्यावर रागवायचं नाही. तिला विकायचाय. पण बोटं आपली घाण करायची." माझ्या प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं त्यांनी अशीच कल्ले उघडून बघितली. पानापानावर निळ्या पेन्सिलीच्या खुणा. मी घरी येऊन रडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वही घेऊन जायचे.

रडायला वेळही नव्हता. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुदत घातली होती. अक्षय्य तृतीयेच्या आत प्रबंध विद्यापीठात गेला पाहिजे. गेला तर लग्नाचं वर्षभर थांबू. मान्य झाला तर प्रिन्सिपॉल कॉलेजात शिकवायला घेणार होते, मग अण्णा काही बोलणार नव्हते. आणि नाही गेला तर चिपळूणच्या स्थळाला होकार. स्थळ वाईट नव्हतं हो. पण त्या घरी सुनेने पुस्तक उघडणं म्हणजे आळस, असं मुलाच्या आईने माझ्यासमोरच सांगितलं होतं. मला त्या घरी जायचं नव्हतं. मला शिकवायचं होतं.

तिसरं प्रकरण पूर्णगडचं. ते माझं सगळ्यांत लाडकं होतं. पूर्णगडचं बंदर का बसलं, तर आषाढातल्या एका वादळात खाडीत नांगरलेली सगळी गलबतं एका रात्रीत फुटली, व्यापारी गाव सोडून गेले, बंदर ओसाड झालं. मी ते असं काही रंगवलं होतं की वाचून माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी प्रकरण वाचलं, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "हे कुठून आणलंस?"

मी त्याच प्रश्नाची वाट बघत होते. धाडकन तीन जाड ग्रंथ त्यांच्या पुढ्यात ठेवले. "एक नाही, तीन पुरावे आहेत, सर. तिसरा तर मुंबईच्या त्यांचा." मुंबईचे ते म्हणजे कोकणच्या इतिहासातले सगळ्यांत मोठे प्राध्यापक. त्यांचं नाव निघालं की लोक उठून उभे राहायचे. माझ्या प्रबंधाचे परीक्षक तेच असणार, हे गावातल्या पोस्टमनलासुद्धा माहीत होतं.

सरांनी तिन्ही ग्रंथ शेजारी शेजारी उघडले आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. पहिल्यात होतं, बंदराने त्या रात्री पांढरं कपाळ घेतलं. दुसऱ्यात होतं, बंदराने त्या रात्री पांढरं कपाळ घेतलं. तिसऱ्यातही तेच. माझा आवाज बारीक होत गेला.

"किती पुरावे झाले?" सरांनी विचारलं.

"एक," मी म्हटलं.

"एक तरी आहे की नाही, ते बघ. ह्याचं मूळ शोधून काढ. तोपर्यंत मी सही करणार नाही."

तिघांच्याही तळटीपा मी खणून काढल्या. तिघंही एकाच लेखाकडे बोट दाखवत होते. इथून निघणारं एक मासिक, कधीच बंद पडलेलं, आणि लेखकाच्या जागी टोपणनाव, 'पांथस्थ'. वाचनालयात गेले तर त्या वर्षाचे अंक वाळवीने खाल्लेले. ग्रंथपालांनी मला नुसता पुठ्ठा दाखवला. फाल्गुन संपत आला होता. मी सरांना म्हटलं, "मूळ लेख मिळत नाही. आता काय करू?" ते म्हणाले, "लेख मिळत नाही, पण पूर्णगड तर जागेवर आहे ना? जा आणि विचार."

अनोळखी खेड्यात एकटीने जायची सोय नव्हती म्हणून काकू बरोबर आल्या. पावसपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी. किल्ल्याच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या तांडेलाचं घर होतं. तरुणपणी गलबत हाकलेला माणूस, नंतर मुंबईच्या आगबोटीवर खलाशी, आता ओटीवर जाळं दुरुस्त करत बसलेला. त्याच्या सुनेने आम्हांला शहाळी दिली. मी वही उघडली आणि आषाढातल्या वादळाबद्दल विचारलं.

तांडेलाने हातातली सुई थांबवली. "आखाडात, बाय?"

"हो. आषाढात. सगळी गलबतं फुटली ना?"

"आखाडात गलबत पाण्यात कशाला असंल? आखाडात गलबत वर ओढलेला असतो. झाप घालून शाकारलेला असतो. पुनवंला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात कोण घालील?" मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तू रत्नागिरीचीच ना गो?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मिरकरवाड्यावरून शाळेत जाणारी पोर. पावसाळ्याचे चार महिने वाळूवर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या होड्या मी लहानपणापासून बघत आले होते. आम्ही त्यांच्यामागे लपंडाव खेळलेलो. पण वादळ ग्रंथात छापलेलं होतं आणि होड्या मी नुसत्या डोळ्यांनी बघितलेल्या, म्हणून मला ते सुचलंच नाही. मुंबईच्या प्राध्यापकांना माहीत नसेल हे मी समजू शकते. मला माहीत होतं आणि तरीही मी लिहिलं.

मग बंदर बसलं कसं, असं मी विचारलं. तांडेल म्हणाला, वादळ नाय नि काय नाय. आगबोटी आल्या, माल तिकडे गेला. तरणी पोरं मुंबईला जहाजावर लागली, तो स्वतःसुद्धा. एका वर्षी गलबतं शाकारली ती पुनव झाली तरी सोडायला माणसंच आली नाहीत. शाकारलेली ती तशीच राहिली आणि जाग्यावर कुजली. "किती गलबतं होती?" मी विचारलं. "ते ठाऊक नाय. आपली दोन. दुसऱ्यांची मोजली नाय." त्याच्या बापाच्या आधीचं काही विचारलं की म्हणायचा, ते ऐकलेला हाय, बघितलेला नाय, लिहू नको.

परत आल्यावर सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "जो माणूस 'ठाऊक नाही' म्हणतो ना, त्याच्याच 'ठाऊक आहे'ला वजन असतं. पण त्याचा शब्द एकट्याचा आहे. कस्टमच्या कचेरीत जा, बंदराच्या नोंदी बघ." मी आठवडाभर कस्टमच्या कचेरीत धूळ खाल्ली. नोंदींमध्ये वादळ नव्हतंच. गलबतांची ये-जा वर्षावर्षाला थोडी थोडी कमी होत गेलेली होती. तांडेल खरं बोलत होता.

आता एकच राहिलं. ही आषाढाची थाप पहिल्यांदा मारली कोणी? मी सरांच्या ओटीवर बसून त्या पांथस्थाला शिव्या घालत होते. "घरात बसून लिहिलं असणार. बंदर बघितलेलं नसणार. मूर्ख माणूस." सर अंगणाकडे बघत होते. काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "बास झाला आता. ती पोर शिणली. मी देत्ये तिला." आणि आतल्या ट्रंकेतून त्यांनी ते मासिक आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

लेखाच्या समासात निळ्या पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता, 'चूक', आणि अक्षर सरांचं होतं.

पांथस्थ म्हणजे वाटसरू, घाट उतरून आलेला; मला समजायला वेळ लागला नाही. "तुम्ही?"

"मी," सर म्हणाले. "नवीन आलो होतो. खानावळीत एका कारकुनाने जेवता जेवता सांगितलं. तोही घाटावरचाच. मला ते फार सुंदर वाटलं. दोन दिवसांत लेख लिहिला, छापूनही आला. लग्न झाल्यावर मोठ्या ऐटीने हिला वाचून दाखवला."

"मी हसत सुटल्ये," काकू म्हणाल्या. "म्हटलं, अहो, आषाढात गलबतं पाण्यात? चार दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

तोवर मासिक बंद पडलं होतं, दुरुस्ती छापायला जागा नव्हती. पुढे एकामागून एक तीन ग्रंथ निघाले. सरांनी तिघांनाही पत्रं लिहिली. एक लेखक वारले होते. दुसऱ्यांनी उलट कळवलं, छापील लेखाविरुद्ध आपल्याकडे छापील पुरावा आहे का? मुंबईच्या प्राध्यापकांनी उत्तरच दिलं नाही.

मी इतकी संतापले की उभी राहिले. "मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? माझे दोन महिने गेले. माझं आयुष्य टांगणीला लागलंय आणि तुम्ही मला वाळवी खाल्लेले पुठ्ठे बघायला पाठवता?"

सर शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? सर म्हणतात म्हणून लिहिलं असतंस. मी म्हणतो म्हणून एकदा तिघांनी लिहिलंय. आता तुला ठाऊक आहे. मी उद्या उलटं बोललो तरी तुला कोणी हलवू शकणार नाही."

मी वही उचलली आणि घरी येऊन तिसरं प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलं.

घरात वेगळंच वादळ. अण्णा म्हणाले, "अगो, डोकं ठिकाणावर आहे ना? ज्याच्या हातात निकाल त्यालाच खोटं पाडत्येस? ती चार वाक्यं गाळ. वादळाचं नावच घेऊ नको, म्हणजे कोणाला दुखायला नको." सल्ला शहाणपणाचा होता, मलाही मोह झाला. गाळलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण मग चौथा ग्रंथ निघाला असता आणि त्यात पुन्हा बंदराने पांढरं कपाळ घेतलं असतं. मी अण्णांना म्हटलं, "नापास झाले तर चिपळूणला जाईन. पण हे गाळणार नाही."

टाईप करून तीन प्रती झाल्या तेव्हा अक्षय्य तृतीयेला चार दिवस होते. मुंबईच्या गाडीत बसायच्या आधी सही घ्यायला मी एस.टी. स्टँडवर सरांना बोलावलं होतं. सगळी बोचकी, करंड्या, आरडाओरडा. सरांनी एका बाकावर बसून तिसरं प्रकरण उघडलं. तिथे मी तळटीप दिली होती, की वादळाची ही चुकीची माहिती एका टोपणनावाच्या लेखापासून सुरू झाली आणि तीन ग्रंथांत शिरली.

"पांथस्थ कोण, हे तुला माहीत आहे ना?"

"आहे, सर."

"मग लिहिलं का नाहीस?"

मी मान खाली घातली. गुरूचं नाव चुकीच्या खाली कसं छापायचं? त्या काळात असं कोणी करत नसे. आजही कोणी करणार नाही. कंडक्टरने घंटा दिली. सरांनी खिशातून पेन काढलं आणि तिन्ही प्रतींत तळटीपेच्या पुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. खाली दुरुस्ती म्हणून माझी सही घेतली. मग पहिलं पान उलटून मार्गदर्शक म्हणून तेच नाव घातलं. "जा आता, गाडी सुटेल," म्हणाले.

दिवाळीनंतर मुंबईला तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. मोठं टेबल, पलीकडे तिघं जण, मधोमध मुंबईचे ते प्राध्यापक. काळा कोट, सोनेरी काडीचा चष्मा. त्यांनी पहिली दोन प्रकरणं विचारलीच नाहीत. तिसरं उघडलं.

"तीन ग्रंथ खोटे ठरवता. कोणाच्या जोरावर?"

मी सांगितलं. तांडेलाने काय बघितलं, काय नुसतं ऐकलं. कस्टमच्या नोंदी काय म्हणतात. आणि पावसाळ्यात गलबत कुठे असतं. आवाज चढत गेला असावा, कारण शेजारचे गृहस्थ जरा मागे सरकले.

"आणि हे शाईने लिहिलेलं नाव? हे तर तुमच्या मार्गदर्शकांचं."

"हो. लेख त्यांचा आहे."

"शाई कोणाची?"

"त्यांचीच. मी लिहायला तयार नव्हते."

त्यांनी चष्मा काढून ते नाव जवळून वाचलं. "मला पत्र आलं होतं त्यांचं," म्हणाले. "बारा वर्षं झाली असतील. मला वाटलं, खेड्यातला कोणी विक्षिप्त मास्तर आहे. मी ते टोपलीत टाकलं." मग त्यांनी शिपायाला हाक मारली. "छापखान्यात फोन लावा. म्हणावं, माझ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती थांबवा. पूर्णगडच्या पानांचा फर्मा मशीनवर चढवू नका, मी तो बदलून देतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही उत्तीर्ण आहात. जा."

रत्नागिरीला उतरले ती घरी न जाता थेट सरांकडे. सर ओटीवर चिठ्ठ्या कापत बसले होते. मी धापा टाकत म्हटलं, "सर, त्यांनी माझ्यासमोर फोन लावायला सांगितला. छपाई थांबवली. फर्मा बदलणार आहेत." सरांच्या हातातली कात्री गळली. ते उठले, मला बस असंसुद्धा न म्हणता आत गेले. तीस वर्षं मनावर असलेलं ओझं उतरताना माणूस कसा चालतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आतून त्यांचा आवाज आला, भरलेला. "अगं, थांबली. छपाई थांबली."

आणि काकूंचा आवाज. "थांबली ना? बरा झाला. पण ती पोर मुंबईहून येऊन दारात उभी आहे, ती पास झाली का ते विचारलंत?"

मग सर बाहेर आले. डोळे लाल, चष्मा हातात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना शरमलेलं बघितलं.

"काय गं," ते म्हणाले, "झालीस का पास?"

"झाले, सर," मी म्हटलं, आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं रडू मला त्या ओटीवर आलं.